'सुप्रीम्स'नी रॉजर्स-हार्ट गायलं, ते कुणासाठी?

जुनीसुई (धागाकर्ता)

गेल्या रविवारी चोरबाजारात रेकॉर्डींचा एक गठ्ठा उपसत होतो. वरच्या दहा-बारा रेकॉर्डी भजनं आणि दिवाळी अंकासारख्या कव्हरांच्या, आणि मग एकदम ही: 'द सुप्रीम्स सिंग रॉजर्स अँड हार्ट', डेट्रॉइटची मोटाऊन रेकॉर्ड कंपनी, १९६७. कव्हरचा एक कोपरा कसरीने खाल्लेला, आतली तबकडी मात्र धड. दुकानदार पाचशे म्हणाला, तीनशेला दिली. घरी आणून पुसली, सावलीत वाळवली, लावली. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर जो वैताग आला तो इथे मांडतोय.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी: सुप्रीम्स म्हणजे तीन कृष्णवर्णीय मुलींचा ग्रुप. डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लोरेन्स बॅलर्ड या तिघी डेट्रॉइटच्या ब्रूस्टर-डग्लस या सरकारी वस्तीत वाढल्या. १९६४ मध्ये 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' गाजलं आणि ते धरून लागोपाठ पाच गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांची गाणी लिहिणारे हॉलंड-डोझिअर-हॉलंड हे घरचेच त्रिकूट. आणि 'स्टँडर्ड्स' म्हणजे साधारण १९२० ते ४० च्या काळातली ब्रॉडवे संगीतिकांची नि सिनेमांची गाणी, जी पुढे ज्याला गळा आहे त्या प्रत्येकाने गायली. रिचर्ड रॉजर्सच्या चाली आणि लोरेन्झ हार्टचे शब्द हा त्यातला अव्वल माल. 'ब्लू मून', 'माय फनी व्हॅलेंटाइन', 'द लेडी इज अ ट्रॅम्प' ही सगळी यांचीच.

आता तारीख बघा. ही रेकॉर्ड आली मे १९६७ मध्ये. त्याच्या महिनाभर आधी अरीथा फ्रँकलिन या कृष्णवर्णीय गायिकेचं 'रिस्पेक्ट' बाजारात आलेलं. अख्खा देश त्या गाण्यावर उभा राहतोय आणि इकडे सोलमधल्या (म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या काळच्या लोकप्रिय संगीतातल्या) सगळ्यात यशस्वी तिघी काय गातायत? 'माउंटन ग्रीनरी'. १९२६ सालचं. शहरी जोडपं डोंगरावर सहलीला जातं त्याचं.

कारण उघड आहे. मोटाऊनचा मालक बेरी गॉर्डी याला न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबची हाव होती. कोपा म्हणजे जिथे गोरा मध्यमवर्ग बायकोला घेऊन जेवायला जातो आणि जेवता जेवता गाणं ऐकतो ती जागा. सुरुवातीच्या वर्षांत तिथे कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला दार बंद होतं, स्टेजवर मात्र चालायचं. २९ जुलै १९६५ ला सुप्रीम्स तिथे उभ्या राहिल्या. तिथे चालायचं तर स्टँडर्ड्स गायलाच हवीत, असा हिशेब. ही रेकॉर्ड त्या हिशेबाचं पुढचं पान आहे.

सोल गायक सॅम कुकची दोन रूपं शेजारी ठेवून ऐका म्हणजे माझं म्हणणं कळेल. जानेवारी १९६३ मध्ये मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबात तो आपल्या माणसांसमोर गातोय: घसा फाटेपर्यंत, लोक ओरडतायत, हा त्यांच्यावर ओरडतोय. कंपनीने ते रेकॉर्डिंग दाबून ठेवलं, १९८५ ला बाहेर आलं. आणि १९६४ चा त्याचा कोपातला कार्यक्रम? तोच माणूस, सूट घातलेला, इस्त्री केलेला. तो तेव्हा लगेच बाजारात आला.

मला सुप्रीम्सची ही रेकॉर्ड तशी इस्त्री केलेली वाटते. बारा गाणी, ब्रासचा (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनांचा) गोंगाट, पुढे डायनाचा तो बारीक धारदार आवाज आणि मागे बाकीच्या दोघी पडद्याला पाठ लावून उभ्या. मोटाऊनच्या गाण्यात जेम्स जेमर्सनची बेस गिटार गाण्याला खालून ढकलत असते, तसं ढकलणं इथे कुठेच नाही. माझं मत: सोल गाणाऱ्या ग्रुपने स्टँडर्ड्सचा अल्बम काढणं म्हणजे पाहुण्यांसमोर आपल्या घरची भाषा न बोलणं. बोला.

सुलेखा_ना

मुळातच असहमत, आणि जरा चिडून असहमत.

'घरची भाषा' कुठली हे तुम्ही ठरवणार का? 'ब्लू मून' १९३४ चं आहे. या तिघी जन्मल्या तेव्हा ते रेडिओवर होतं. सोल मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. घरची कुठली आणि बाहेरची कुठली?

शिवाय ही काही मोटाऊनने १९६५ मध्ये लावलेली युक्ती नव्हे. कृष्णवर्णीय गायकांचे ग्रुप आधीपासून हेच करत आले आहेत. प्लॅटर्सनी जेरोम कर्नचं १९३३ चं 'स्मोक गेट्स इन युअर आइज' घेतलं आणि १९५९ च्या सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर नेलं. फ्लेमिंगोजनी 'आय ओन्ली हॅव आइज फॉर यू' असं गायलं की मूळ गाणं कुणाला आठवत नाही. आणि मार्सेल्स या काळ्या-गोऱ्यांच्या मिश्र ग्रुपचं १९६१ चं 'ब्लू मून'? खालून तो खर्जात गाणारा बेसवाला 'बॉम्ब बाबा बॉम्ब' करत येतो तेव्हा हार्टसाहेबांचा सगळा विरह खिडकीतून बाहेर. तेही पहिल्या क्रमांकावर.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही तारीख बघायला सांगितली, मीही सांगते. जानेवारी १९६७: 'द सुप्रीम्स सिंग हॉलंड-डोझिअर-हॉलंड'. मे १९६७: 'द सुप्रीम्स सिंग रॉजर्स अँड हार्ट'. नावं परत वाचा. एकाच साच्यातली दोन शीर्षकं, चार महिन्यांच्या अंतराने. आमच्या डेट्रॉइटच्या पोरांचं आडनाव ब्रॉडवेच्या देवांच्या ओळीत छापलं जातंय, आणि तेही आधी! याला तुम्ही शरणागती म्हणता? मी याला ताट शेजारी मांडणं म्हणते.

पैशाचंही सांगते. मोटाऊनची गाणी जोबेट या गॉर्डीच्याच प्रकाशन कंपनीकडे असायची. म्हणजे हॉलंड-डोझिअर-हॉलंडचं गाणं विकलं की रेकॉर्डचा पैसाही त्याचा आणि गाण्याच्या हक्कातला पैसाही त्याचाच. रॉजर्स-हार्ट गायलं की हक्काचा वाटा दुसऱ्याच्या घरी. नुसती हाव असती तर या माणसाने असला आतबट्ट्याचा धंदा केला नसता.

चहाबाज

सुलेखाताईंना +१. ते शीर्षकांचं लक्षातच आलं नव्हतं.

जुनीसुई

@सुलेखा_ना, शीर्षकाचा मुद्दा छान आहे, मान्य. पण तुम्ही दुकानाच्या पाटीबद्दल बोलताय, मी मालाबद्दल. मार्सेल्सचं उदाहरण देऊन तर तुम्ही माझीच बाजू मांडलीत. त्यांनी 'ब्लू मून' आपल्या गल्लीत ओढून आणलं. याच रेकॉर्डवर दुसऱ्या बाजूला शेवटचं गाणं 'ब्लू मून'च आहे. ऐकून सांगा, इथे कोण कुणाच्या गल्लीत गेलंय.

पैशाचं म्हणाल तर आतबट्ट्याचा अजिबात नाही. एक-दोन गाण्यांच्या सिंगल तबकड्या शाळकरी पोरं घ्यायची, दहा-बारा गाण्यांची एलपी घ्यायची मोठी माणसं. टीव्हीचे खास कार्यक्रम, लास व्हेगासची हॉटेलं, सगळं त्या मोठ्या माणसांच्या खिशातून. हक्काचे चार पैसे सोडून तो वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक बांधत होता. धंदा म्हणून चोखच होता. मी गाण्याबद्दल तक्रार करतोय.

डेट्रॉइटकर

डेट्रॉइटच्या उपनगरात एकोणीस वर्षं झाली. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एकदा नायगारा आणि एकदा मोटाऊन म्युझियम दाखवणं हा नियम आहे, त्यामुळे वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं ते घर मला पाठ झालंय. पांढरं, निळ्या कडांचं, दोन मजली, समोर 'हिट्सव्हिल यू.एस.ए.' अशी अक्षरं. आत एका ठिकाणी छताला भोक आहे. वर माळ्यावर प्रतिध्वनीची खोली होती, आवाज तिथून घुमवून खाली आणायचे. गाइड सगळ्यांना त्या भोकाखाली उभं करून टाळ्या वाजवायला लावते. माझ्या सासऱ्यांनी तिथे टाळी वाजवून वर 'विठ्ठल विठ्ठल'ही म्हणून पाहिलं. घुमलं.

सांगायचं कारण असं की १९५९ मध्ये घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन उभं केलेलं हे दुकान केवढंसं आहे ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. अशा दुकानात मॅक्सिन पॉवेल नावाच्या बाई पोरींना बसायचं कसं, गाडीतून उतरायचं कसं हे शिकवत होत्या, कारण तुम्हाला राजवाड्यात नाहीतर व्हाइट हाउसमध्ये गायचंय असं त्या सांगायच्या. आज आपल्याला ते हास्यास्पद वाटेल. पण त्या पोरींच्या आया परक्यांच्या घरची धुणी-भांडी करणाऱ्या पिढीतल्या. त्यांना कोपाचं स्टेज काय वाटलं असेल ते आपण मुंबई-पुण्यात हेडफोन लावून ठरवू नये.

तरीही मी धागाकर्त्याच्या बाजूला निम्मा झुकतो. ही रेकॉर्ड मे महिन्यात आली. २३ जुलैला याच घरापासून थोड्या अंतरावर ट्वेल्थ स्ट्रीटवर पोलिसांनी धाड घातली आणि शहर पाच दिवस पेटलं. ४३ माणसं मेली. इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललात तर '६७' हा आकडा ते एका विशिष्ट आवाजात उच्चारतात. त्यांच्या तोंडी त्या उन्हाळ्याची गाणी म्हणून अरीथा येते, मोटाऊनचीच गायिका मार्था रीव्हज येते. 'माउंटन ग्रीनरी' आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

बाळूकाका

समाजशास्त्र झालं असेल तर थोडं गाण्यावर येऊ?

माझं वय ७४. स्टँडर्ड्स मी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डकडून शिकलो. तिचा रॉजर्स-हार्टचा संच १९५६ चा. तो एकदा ऐकला की बाकीच्यांची परीक्षा घ्यायला आपोआप सुरुवात होते, हे माझं दुर्दैव.

या गाण्यांची मेख शब्दांत आहे. हार्टचं यमक ओळीच्या शेवटीच येतं असं नाही, मध्येच येतं, शब्द तोडून येतं. गाणाऱ्याने ठेक्याच्या किंचित मागे राहून शब्द टाकायचा असतो, बोलल्यासारखा, मग ते यमक 'सापडल्या'सारखं वाटतं. ठेक्यावर चालणं वेगळं आणि ठेक्याशी खेळणं वेगळं. डायना रॉस पावणेतीन मिनिटांच्या गाण्यावर घडलेली गायिका. तिथे प्रत्येक शब्द ठोक्यावर बसवायचा असतो, आणि ते ती अप्रतिम करते. तेच तिने इथे केलं. त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू येतं आणि काहीच गुपित राहत नाही. त्यात वाद्यमेळ एवढा भारी की नाकापेक्षा मोती जड.

म्हणजे धागाकर्त्याचा निकाल मान्य, कारण अमान्य. यात शरणागती नाही, तयारी कमी पडली आहे. परक्या घरी गेल्याबद्दल माझी तक्रार नाही. जाताना वेळ काढून जायला हवं होतं. या तिघींनी १९६४-६५ या दोन वर्षांत लिव्हरपूलच्या गाण्यांचा अल्बम केला, कंट्री-वेस्टर्नचा केला, सॅम कुकच्या आठवणीत एक केला. दर चार महिन्यांनी नवं घराणं! कोण पचवणार?

सुलेखा_ना

बाळूकाका, एलाशी तुलना केली तर निम्मं जग नापास होईल.

पण तुम्ही शब्दांचं काढलंत म्हणून. पहिल्या बाजूचं पहिलंच गाणं 'द लेडी इज अ ट्रॅम्प', १९३७ चं. उच्चभ्रू रीतिरिवाज न पाळणारी, म्हणून 'भटकी' ठरलेली बाई त्यात बोलते. मूळ गाण्यात ती सांगते की मी फर आणि मोती घालून हार्लेमला, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, जात नाही. त्या काळी गोरी श्रीमंत मंडळी नटूनथटून हार्लेमच्या क्लबांत कृष्णवर्णीयांचं गाणं ऐकायला जायची. कॉटन क्लबात तर स्टेजवर सगळे काळे आणि टेबलांवर सगळे गोरे. हार्टने त्या मंडळींना चिमटा काढलाय. आता हेच गाणं डेट्रॉइटच्या वस्तीतल्या तीन मुली, फर घालून, गोऱ्या श्रोत्यांना ऐकवतायत. याहून तिखट काय हवं? जुनीसुईंना तिथे इस्त्री दिसली, मला कुणीतरी डोळा मारल्यासारखं वाटलं.

जुनीसुई

डोळा मारला असेल तर तो हार्टने १९३७ मध्ये मारलाय. डायनाच्या गळ्यात मला तो दिसला नाही. तिखट तुम्ही वरून भुरभुरवताय.

टेम्प्टेशनप्रेमी

सगळे सुप्रीम्सलाच धरून बसलेत. त्याच वर्षी मोटाऊनच्याच टेम्प्टेशन्स या ग्रुपने 'इन अ मेलो मूड' काढला, तोही स्टँडर्ड्सचा, आणि माझ्या मते सुप्रीम्सपेक्षा कितीतरी उजवा. कारण तिथे पाच गळे आहेत आणि पाचही ऐकू येतात. एडी केंड्रिक्सचा तो वरचा पातळ आवाज आणि तळाशी मेल्विन फ्रँकलिनचा बेस, यात जो मजला-दोन मजल्यांचा फरक आहे तोच मुळी सोल ग्रुपचा दागिना. 'ओल मॅन रिव्हर' ऐका. गाणं १९२७ च्या 'शो बोट' संगीतिकेतलं, लिहिणारे दोघे गोरे, गाणारं पात्र काळा गोदी कामगार. मेल्विनचा आवाज खाली खाली जातो आणि आपण कान लावून वाकतो.

या गाण्याचा इतिहासही बघा. कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन ते गायचा तेव्हा १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याने शब्दच बदलून टाकले. जगण्याला कंटाळलो आणि मरणाला भितो असं काहीसं म्हणणारा माणूस, त्याला त्याने मरेपर्यंत लढत राहीन असं म्हणायला लावलं. आपल्याकडे ही नदी कुठून आली ठाऊक आहे ना? भूपेन हजारिका न्यूयॉर्कला शिकत असताना रोबसनला भेटले आणि 'गंगा बहती हो क्यूं' त्यातून आलं. म्हणजे ब्रॉडवेच्या एका गाण्याने रोबसनमार्गे ब्रह्मपुत्रेपर्यंत मजल मारली. 'घरची भाषा' म्हणून दार लावून घेतलं असतं तर?

आणि कोपाचा दबाव म्हणाल, तर १९९५ मध्ये कसला दबाव होता? टेम्प्टेशन्स परत याच प्रकारच्या गाण्यांकडे वळले, 'फॉर लव्हर्स ओन्ली' नावाचा अल्बम केला. मेल्विन त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला, हा त्याचा ग्रुपबरोबरचा शेवटचा.

गोंयकार

फोर टॉप्स या चौघांच्या ग्रुपचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं.

ही मंडळी १९५० च्या दशकापासून क्लबांतून जॅझच्या अंगाने स्टँडर्ड्स गात होती, जॅझ गायक बिली एकस्टाइनच्या मागे उभी राहिलेली. १९६३ मध्ये मोटाऊनमध्ये आली तेव्हा त्यांचा पहिला अल्बमच स्टँडर्ड्सचा ध्वनिमुद्रित झाला. नाव 'ब्रेकिंग थ्रू'. कंपनीने तो कपाटात टाकला आणि त्यांना हॉलंड-डोझिअर-हॉलंडच्या ताब्यात दिलं. तो अल्बम निघाला १९९९ मध्ये. आता सांगा, इथे 'घरचं' गाणं कुठलं आणि मालकाने गिऱ्हाइकासाठी गायला लावलेलं कुठलं? धागाकर्त्याचा सगळा सिद्धांत इथे डोक्यावर उभा राहतो.

माझे आजोबा मडगावचे, मुंबईत हॉटेलच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचे. रात्री हीच गाणी, सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. त्यांची हाताने उतरवलेली नोटेशनची वही माझ्याकडे आहे. 'ब्लू मून'च्या पानावर कसलासा तेलकट डाग आणि कोपऱ्यात पेन्सिलने 'स्लो, दे आर ईटिंग' असं लिहिलेलं, म्हणजे हळू वाजवा, लोक जेवतायत. गाणं गोऱ्यांचं की काळ्यांचं हा प्रश्न त्यांनी कधी काढला नाही. ते म्हणायचे, पुलाव संपेपर्यंत वाजवायचं.

चहाबाज

'स्लो, दे आर ईटिंग' हे नाव कुणीतरी ब्लॉगला द्या रे.

जुनीसुई

फोर टॉप्सचं उदाहरण माझ्या सिद्धांताला खरोखर लागलं. वळ उठला आहे.

पण गोंयकार, तुमच्या आजोबांच्या त्या पेन्सिलीच्या ओळीत माझं सगळं म्हणणं आहे! हळू, लोक जेवतायत. ही रेकॉर्ड जेवणाऱ्या लोकांसाठी केलेली आहे. फोर टॉप्सचा मुख्य गायक लेव्ही स्टब्ज याला स्टँडर्ड्स मनापासून आवडत असतील, तसा मोटाऊनचाच मार्व्हिन गेही स्टँडर्ड्सवाला नॅट किंग कोल व्हायला निघालाच होता. १९६१ च्या त्याच्या पहिल्या अल्बमपासून बघा. आवड असणं वेगळं आणि थाळीसोबत वाढलं जाणं वेगळं.

आणि सोल गायक ओटिस रेडिंग विसरू नका. 'ट्राय अ लिटल टेंडरनेस' हेही १९३२ चं मुळमुळीत गाणं. १९६६ मध्ये त्याने ते मेम्फिसला गायलं. सुरुवातीला ब्रास अगदी दबकत, मग ओटिस जवळजवळ कुजबुजतो, मग अल जॅक्सन ड्रमच्या काठावर टिक टिक सुरू करतो, घड्याळासारखं. ती टिकटिक चढत चढत शेवटी सगळं छप्पर उडतं. हे जेवताना ऐकून दाखवा, घास अडकेल.

सुलेखा_ना

ओटिसच्या आधी तेच गाणं अरीथाने गायलं होतं, १९६२ मध्ये, कोलंबिया कंपनीत असताना. तुमच्या 'रिस्पेक्ट'वाल्या अरीथाने त्या कंपनीत सहा वर्षांत स्टँडर्ड्स भरपूर गायली. आणि त्याच गाण्याचा तुकडा अजून कुणी गायलाय? सॅम कुकने. कुठे? कोपात. तुमच्या त्या इस्त्रीवाल्या रेकॉर्डवर.

बाळूकाका

हाहा. जुनीसुई, पाणी प्या.

अभोगी

मी इंग्रजी गाण्यांतला नाही, पण धागा वाचताना सारखे कुमार गंधर्व आठवत होते. दुसऱ्याच्या गळ्यातून प्रसिद्ध झालेलं गाणं घेऊन कार्यक्रम करायचा, तर त्यांनी नाव काय ठेवलं? 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्या नावातला 'मला' हा शब्द अख्खा कार्यक्रम तोलून धरतो. मला हे आवडलं, मला ते असं दिसलं, पटलं तर घ्या. तुमच्या या रेकॉर्डीवर 'मला' म्हणणारं कोण आहे? गाणी कुणी निवडली, चाल कुणी बांधली, पुढे कोण उभं राहणार हे कुणी ठरवलं?

(अवांतर: बालगंधर्व गेले तेही १५ जुलै १९६७ लाच. डेट्रॉइटकरांच्या त्या जुलैवरून आठवलं.)

टेम्प्टेशनप्रेमी

निर्मितीवर नावं आहेत गॉर्डी आणि गिल अ‍ॅस्की यांची. वाद्यमेळाची बाजू अ‍ॅस्कीची, क्लबातल्या कार्यक्रमांची बसवणूकही त्याचीच. तेव्हा 'मला उमजलेले रॉजर्स-हार्ट' असं कुणी म्हणायचं तर या दोघांनी. मुळात दोन तबकड्यांचा संच करायचा बेत होता, तेवढी गाणी गाऊनही झाली होती. पुढे एकच निघाली, उरलेली गाणी वीस वर्षांनी बाहेर आली.

मृण्मयी_के

अभोगींनी योग्य जागी बोट ठेवलं. यात मला फ्लोरेन्सबद्दल बोलायचंय, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

तिघींत मोठा, भरदार आवाज फ्लोरेन्सचा. सोलच्या सिंगल्समध्ये तिला पुढे येऊन गायला जवळजवळ मिळतच नव्हतं, तिथे डायनाच. तिला पुढे यायला जागा मिळाली ती क्लबातल्या कार्यक्रमात, 'पीपल' या ब्रॉडवेच्या गाण्यात. म्हणजे जुनीसुई ज्याला परकी भाषा म्हणतायत, त्याच भाषेत तिला दोन वाक्यं स्वतःची बोलता आली. आणि मग ते गाणंही तिच्याकडून काढून डायनाला दिलं.

ही रेकॉर्ड मे मध्ये आली. जुलैमध्ये लास व्हेगासच्या फ्लेमिंगो हॉटेलात कार्यक्रम चालू असताना फ्लोरेन्सला ग्रुपमधून काढलं, सिंडी बर्डसाँग तिच्या जागी उभी राहिली, आणि ग्रुपचं नाव 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं. १९७६ मध्ये फ्लोरेन्स गेली, वय ३२. त्यामुळे मला ही रेकॉर्ड ऐकताना रॉजर्स आणि हार्ट ऐकूच येत नाहीत. मी मागच्या आवाजांत तिला शोधत बसते.

सुलेखा_ना

याला माझ्याकडे उत्तर नाही. ताट शेजारी मांडलं म्हणाले होते, पण पंगतीत कोण बसलं आणि वाढायला कोण राहिलं हे मी बघितलं नव्हतं. शीर्षकांचा मुद्दा मात्र सोडणार नाही.

जुनीसुई

काल रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा लावली. आधी मार्सेल्सचं 'ब्लू मून' फोनवर, मग तबकडीवरचं. मृण्मयी यांनी म्हटलं म्हणून फक्त मागचे आवाज ऐकायचे असं ठरवलं. डायना पुढून चालत असते, तिला सोडून द्यायचं आणि मागच्या दोघींचा हात धरायचा. पहिल्या दोन-तीन वेळा जमलं नाही. मग एक गंमत कळली: आवाज कमी केला की डायना आणि ब्रास दोन्ही मागे सरतात आणि त्या दोघी जरा जवळ येतात. पण कुठली मेरी आणि कुठली फ्लोरेन्स, हे मला तासाभरातही वेगळं करता आलं नाही. दोघींनी एकमेकींना इतकं घट्ट धरलंय.

मत बदललं का? 'माउंटन ग्रीनरी' अजूनही पोचट वाटतं. 'घरची भाषा' हे शब्द मागे घेतो, फोर टॉप्सनंतर ते उभे राहत नाहीत. पण 'लोक जेवतायत' हे मागे घेणार नाही.

बाळूकाका

आवाज कमी करून ऐकलंस, हे बरं केलंस. एलाचा संच माझ्याकडे आहे, एखाद्या रविवारी ये. दोन्ही लावून बघू. येताना तुझी तबकडी आण, कव्हर आणू नकोस, माझ्या कपाटाला कसर लागेल.

गोंयकार

मी पण येतो. पुलाव असेल तर.

बाळूकाका

पोहे मिळतील. आणि तीनशे जास्त दिलेस रे.